मैदानावरच्या रेघा

शनिवार, जानेवारी १९९२. इंदूर

आज मिलच्या शाळेत मोठ्या बाईंचा सत्कार केला. दिवाळीपासून मिल बंद, पण बाईंनी शाळा बंद पडू दिली नाही, म्हणून आम्ही आईबापांनीच शाल-श्रीफळ दिलं. मॅनेजरसाहेबानं मंडप फुकट दिला. पगार मागितला की गायब होणारा माणूस पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. का?

मैदानावर चुन्याच्या रेघा होत्या. मी म्हटलं, "बाई, खेळांची तयारी जोरात आहे."

बाई म्हणाल्या, "त्या रेघा शाळेनं नाही मारल्या, वहिनी." मग हळूच, "मुलीसाठी दुसरी शाळा बघून ठेवा."

"तुम्ही असताना कशाला हो?" मी हसले.

खेळाच्या रेघा अशा नसतात. एक तर एकदम सीधी, जमिनीचे प्लॉट पाडताना मारतात तशी, पहिलीच्या वर्गाच्या पायरीवरून गेलेली. आणि शाल-श्रीफळ आपण निरोपालाही देतो. आम्हाला कसं सुचलं नाही?

घरी मुलीच्या हातात तिचं मोराचं चित्र, वर्गातल्या भिंतीवरचं. म्हणे बाईंनी कालच सगळ्यांची चित्रं काढून वाटली. मागे भिंतीचा चुना चिकटलाय.

सोमवारी मोर परत नेऊन लावते. बघते कोण काढतो.