आईला आता तुम्ही चांगले आठवता

बाबा, आई रोज संध्याकाळी तुमची वाट बघते. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, नायगावची आपली चाळ पाडली, तिच्या बाजूलाच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं, आणि ह्या नव्या घराच्या दाराशी उभी राहून ती म्हणते, "छापखाना सुटला असेल. चहा टाक गं." तुम्ही गेल्यापासून तिने कपाळाला काही लावलं नव्हतं. हल्ली मात्र सकाळी उठल्याबरोबर ठसठशीत कुंकू लावते. तुम्ही असताना लावायची, त्याहूनही मोठं.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, घर बदललं म्हणून गोंधळते आहे. गॅस चालू राहायचा, शेजारणीचं नाव सापडायचं नाही, वयच झालं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. मग एकदा दुपारी ती गायब झाली. सापडली ती चाळीच्या जागेला ठोकलेल्या पत्र्यांपाशी. तिथल्या वॉचमनच्या हातापाया पडत होती, "आमची खोली उघडून दे रे बाबा, हे उपाशी येतील." पायात चप्पल नव्हती. मला बघून म्हणाली, "ही कोण बाई?"

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला घड्याळ काढायला सांगितलं. आईने गोल छान काढला आणि सगळे आकडे एका बाजूला गर्दी करून बसवले. "मिस्टर काय करतात, आजी?" तर म्हणाली, "छापखान्यात टाइप जुळवतात. हुशार आहेत." मी पटकन म्हटलं, "वारले ते." डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं. नंतर बाहेर येऊन समजावलं, की हा डिमेन्शिया आहे, ह्यातून माणूस परत येत नाही, आपण फक्त सांभाळायचं. "खोडून काढू नका. ती बातमी त्यांच्यासाठी दर वेळी नवीच असणार. नवं आधी जातं, जुनं बरंच टिकतं." मी विचारलं, "बाबांचा मार पण जुनाच आहे की डॉक्टर. तो कसा गेला?" त्या म्हणाल्या, "काय उरेल ते आपल्या हातात नसतं."

तर काय उरलं ते ऐका. तिचा डावा हात मनगटात वाकडा आहे. तुम्ही पिळला होतात, भात करपला म्हणून. मी आणि दादा पलंगाखाली होतो, हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. हॉस्पिटलात तिने सांगितलं, नळावर घसरून पडले. तुम्ही बाजूलाच उभे होता, स्वच्छ शर्ट घालून. आता तिला विचारलं, आई, हाताला काय झालं, तर ती म्हणते, "नळावर पडले होते ना मी. ह्यांनीच उचलून नेलं दवाखान्यात." तुम्ही तिच्याकडून वदवून घेतलेलं खोटं तेवढं शिल्लक आहे. खरं होतं ते गेलं. लोक म्हणतात, जाऊ दे, तिने माफ केलं. तिने माफ केलेलं नाही बाबा, ती विसरली आहे. माफ करायला आधी आठवावं लागतं.

दादा ऐरोलीला असतो. तो दोनदा येऊन गेला. आई त्याला सांगत बसली, "तुझे बाबा कधी आवाज चढवून बोलले नाहीत." तो जेवता जेवता उठला. जिन्याजवळ मला म्हणाला, "मला नाही ऐकवत. तू तिला कुठेतरी ठेव." मी चौकशी केली. एका आश्रमात म्हणाले, चालतंबोलतं माणूस घेतो, पण पळून जाणारं नको. दुसरीकडे एका आजीला खुर्चीला ओढणीने बांधलेलं बघितलं आणि चहा न घेता परत फिरले. सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून एक बाई ठेवली. आईने ठरवलं की ही ह्यांच्यावर डोळा ठेवून आली आहे, आणि तिच्या अंगावर गरम चहा फेकला. जाताना ती बाई म्हणाली, "ताई, हगमूत काढेन हो, पण रोज रांड म्हणून घ्यायला नाही जमणार." मग मी नोकरीत रजा टाकली आणि घरी बसले.

तिच्या जगात जा, असं सांगतात. तिच्या जगात तुम्ही आहात. म्हणून मी दिवसभर तुमची बाजू घेते. डबल पाळी आहे त्यांची. येतील. हो, फार कष्ट करतात. एका दुपारी ती माझ्यावरच उलटली. "तुझ्यामुळे येत नाहीत ते. तू त्यांना उलट बोलतेस. कार्टी!" माझा तोल गेला. मी ओरडून सगळं सांगितलं. ते मेले, दारूने मेले, तुझा हात त्यांनीच मोडला, तुझे दोन दात त्यांनी पाडले. तिला त्यातलं फक्त पहिलं ऐकू आलं. तिने तळहाताने कुंकू पुसलं आणि असा हंबरडा फोडला की शेजारचे धावत आले. तुम्ही खरोखर गेलात तेव्हा ती रडली नव्हती.

थोड्या वेळाने विसरली. पण रडं थांबेना. "मी का रडतेय गं?" मी म्हटलं, "कांदा चिरत होतीस." मग मी कुंकवाची डबी आणली. तिच्या कपाळाकडे हात नेला, आणि तिने झटकन कोपर वर करून तोंड झाकलं. खांदे आत, मान खाली, जसं चाळीतल्या खोलीत करायची तसंच. डोकं विसरलं होतं, कोपर विसरलं नव्हतं. "नका हो मारू," ती मला म्हणाली. आणि लगेच माझ्याकडे बघून हसली.

आता ती दुपारपर्यंत दादरला एका केंद्रात जाते. तिथे असेच विसरलेले सगळे बसतात, गाणी म्हणतात, मटार सोलतात. मी परत कामाला लागले. बाकीचा वेळ एक पोक्त मावशी येते, तिला आई तुमची बहीण समजते, म्हणून निभतंय. केंद्रातल्या ताईंनी मला सांगितलं, "खोटं बोलायचं जिवावर येतं ना? मग काहीच सांगू नका. विचारा. ते कसे होते, असं विचारा." मी विचारलं. आईने सांगितलं की लग्नानंतर तुम्ही तिला दादर चौपाटीवर नेलंत, चपलेत वाळू जाऊन चावते म्हणाली तर तिच्या चपला स्वतःच्या हातात धरून चाललात. खरं की खोटं, हे सांगायला कोणी उरलेलं नाही. मी तरी तो माणूस कधी पाहिला नाही.

हे दादाला दाखवणार नाही. तुम्हाला पाठवायचा तर प्रश्नच नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. एवढंच लिहायचं राहिलं. काल आई म्हणाली, "तुझे पण लाड करायचे ते. सांग ना काहीतरी." मी सांगितलं, शाळेच्या गॅदरिंगला बाबांनी मला पिवळा फ्रॉक आणला होता, मागे मोठा बो होता, आणि मी नाचताना ते पहिल्या रांगेत बसले होते. तुम्ही असं काही आणलं नव्हतं. गॅदरिंगला तुम्ही आलाच नव्हता. पण आई टाळी वाजवून म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिच्यासाठी नाही सांगितलं.