पुठ्ठ्याचे पाच घोडे

संशोधकांच्या गटाला स्पर्धेत पुढे ठेवायचे, पण त्यातल्या कुणाला भीतीपोटी खोटे वागायला लावायचे नाही, हे कसे साधायचे? याचे उत्तर मला येत नाही. बाकी जे येते ते मी, अक्मारल तोलेगेनकिझी, वय सत्तावीस, राहणार कझाकस्तानातल्या अरल समुद्राकाठचे सारिकुदुक, प्लेगच्या लशीवर काम करणारी संशोधक, शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. ताप आहे. अक्षरावरून डोक्याची परीक्षा करू नये.

१. मी पदवीधर झाले तेव्हा वडिलांनी दिलेली तांबूस घोडी धाकटी बहीण उल्जान हिला. काकांचा त्या घोडीवर हक्क नाही. "एवढं शिकून शेवटी उंदरांची मास्तरीण!" असे ते माझ्याच मेजवानीत म्हणाले होते. पदवीपत्र आईच्या भिंतीवरच राहावे. पाहुण्यांना मात्र मी रोगी बरे करणारी डॉक्टर असल्याचे सांगू नये.

२. मेंढीच्या कातड्याचा कोट सहकारी मेइरबेकला. परवा दुपारी दोन वाजता प्लेगचे जंतू भरलेली सुई हातमोजा फाडून माझ्या बोटात गेली, ते त्याने पाहिले.

"रक्त आलं?"

"थेंबभर."

"मग धू आणि गप्प बस, बाई. नोंद केलीस तर प्रयोगशाळेला टाळं. तिकडच्या गटाचे आधी लस दाखवतील आणि आपण त्यांच्या बाटल्या धूत बसू!"

मी हसले. त्याच्यावर राग नाही, कारण तो माझाच नियम पाळत होता.

३. तो नियम असा. गेल्या वर्षी आमचा गट ढेपाळला होता. आमचे प्रमुख बेकझात, ज्यांना आम्ही अगाय म्हणजे गुरुजी म्हणतो, म्हणाले, "यांना चेतवायला काहीतरी काढ, अक्मारल. तरुण आहेस, डोकं चालव." मी भिंतीवर शर्यतीचे मैदान रंगवले आणि पुठ्ठ्याचे पाच घोडे कापले. चार आम्हा चौघांचे, काळा प्रतिस्पर्धी गटाचा. निकाल हाती आला की घोडा पुढे. ज्याच्यामुळे काम थांबेल त्याचा घोडा परत पहिल्या रेषेवर. काम दुप्पट झाले. "आता झोपेतही टाच मारतात!" अगाय म्हणायचे. अपघातांची नोंदवही वर्षभर कोरी राहिली आणि आम्हाला तिचा अभिमान वाटायचा.

४. काखेत गाठ आली आहे. मला मरणाची फार भीती वाटते. त्याहून भीती याची, की काल दुपारी आम्ही चौघांनी एकाच ताटात हातांनी बेशबरमाक, म्हणजे मांस आणि शेवया, खाल्ले, आणि मेइरबेकच्या घरी तीन महिन्यांचे बाळ आहे. बाकी तिघांना आणि त्यांच्या घरच्यांनाही आजच तपासावे.

५. अगाय यांना माझे लाल पेन. फोनवर ते म्हणाले, "लस दाखवायला तीनच आठवडे उरले होते, नोंदीला तेवढी थांबली असतीस तर?" या वाक्याची क्षमा मी करत नाही. पेन वापरावे. अपघातांच्या वहीत आणखी कुणाकुणाच्या नोंदी राहिल्या असतील.

६. हा कागद या खोलीबाहेर जाणार नाही. मी तो काचेआडून वाचून दाखवत आहे, साक्षीदार उतरवून घेत आहेत. ते काचेपलीकडे का उभे आहेत, ते लिहून ठेवते. आज सकाळी सहा वाजता, या मृत्युपत्राची पहिली ओळ लिहिण्याआधी, मी नोंदवहीत पहिली नोंद केली: सुई, बोट, चाळीस तासांचे मौन. औषध सुरू झाले आहे, प्रयोगशाळेला टाळे लागले आहे, आणि पाचही घोडे मी माझ्या हातमोज्यांबरोबर भट्टीत टाकले आहेत.

सही: अक्मारल तोलेगेनकिझी
साक्षीदार: झाउरे, परिचारिका; ओराझ, वाहनचालक
विलगीकरण कक्ष, १९ मे २०१९