उंबऱ्याबाहेरचं भाडं

बाबा, त्या घराला तुम्ही शेवटपर्यंत गुंतवणूकच म्हणत राहिलात. आई त्याला 'धरणावरचं' म्हणायची, दादा 'बाबांचं खूळ' म्हणायचा, आणि आता नागपूरहून मोबाईलवर विचारणा करणारे लोक 'तुमचा बंगला रिकामा आहे का' असं विचारतात. बंगला म्हटलं की मला हसू येतं. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर आणि पावसाळ्यात हमखास गळणारा एक कोपरा. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या कोपऱ्याखाली बादली ठेवताना अजूनही तुमच्याशी बोलणं होतंच. आज म्हटलं, जरा लिहूनच बोलावं.

तुम्ही ते घर घेतलंत तेव्हा मला सासरहून परत येऊन वर्ष उलटून गेलं होतं. ही काही चार दिवस राहायला आलेली नाही, कायमचीच आली आहे, हे वर्ध्यातल्या आपल्या गल्लीला कळून चुकलं होतं. तुम्ही मला एका शब्दानं काही विचारलं नाही. कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक जास्तीची गादी टाकलीत आणि म्हणालात, बस इथं. मी बसले. पण दुकान पुढे दादाचं होणार हे ठरलेलंच होतं, वहिनीही स्वभावानं चांगली होती, आणि तरीही ताटावर बसताना माझा हात जरा आखडूनच चालायचा. तुम्ही ते पाहत होतात हे मला फार उशिरा समजलं. मग एका रविवारी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवलंत आणि सेलूच्याही पुढे, बोरधरणाच्या बाजूला घेऊन गेलात. एका निवृत्त मास्तरांना घर विकून मुलाकडे राहायला जायचं होतं. तुम्ही ते घर अगदी कापडासारखं पाहता आहात. भिंतीवर अंगठा घासून तो वास घेऊन बघता, चौकट चिमटीत धरता, सगळी दारं-खिडक्या उघडायला लावता. ट्यूबलाइटखाली कापडाचा रंग कळत नाही, गिऱ्हाइकाला घेऊन उन्हात जायचं, हे तुमचं दुकानातलं तत्त्व इथेही चालू. मास्तर शेवटी वैतागून म्हणाले, शेटजी, घर आहे हे, साडी नाही. तुम्ही हसून म्हणालात, म्हणून तर पाहतो आहे, साडी बदलून देता येते.

नागपूरचे लोक रविवारी धरण बघायला येतात, डबे खातात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. त्यांना राहायला नीट जागा मिळाली तर ते राहतील आणि राहायचं भाडंही देतील, हा तुमचा अंदाज. दादाला तो पटला नाही. त्या पैशात दुकानाला वरचा मजला झाला असता, असं तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्याचंच खरं वाटत होतं. मग रजिस्ट्रीच्या दिवशी कागदावर माझं नाव दिसलं. बाहेर कडुलिंबाखाली तुम्ही स्कूटर काढत होतात, तिथे मी तुम्हाला विचारलं, माझं नाव काऊन घातलं. तुम्ही स्कूटरच्या आरशात पाहत बोललात, माझ्याकडे नाही.

"हे तुले माहेर म्हणून देऊन राह्यलो नाई, बाई. माहेर आज आमचं हाय, उद्या भावाचं होईन. हे तुहं घर हाय. लोकं येतीन, भाडं देतीन, तुले कोणाले मागाचं काम नाई."

आणि लगेच घसा खाकरून, गुंतवणूक हाय, बाकी काही डोक्यात घेऊ नको, असं म्हणून तुम्ही किक मारलीत. मी घरापर्यंत मागे बसून रडत आले आणि तुम्ही वाऱ्याचा आवाज फार आहे असं दाखवत गाडी चालवली.

घर सजवलं ते तुमच्या हिशेबानं. दुकानात एक पोपटी कापड होतं, त्यावर बशीएवढी नारिंगी फुलं. तीन दिवाळ्या ते कुणी हातात धरलं नव्हतं. त्याचे पडदे झाले, चादरी झाल्या, उशांचे अभ्रे झाले, आणि उरलं त्याचं टीव्हीवर पांघरूण. पाहुणे फोटो काढत, त्या सगळ्या फोटोंत माणसं कमी आणि फुलंच जास्त. पण आईला ओटीसाठी लागणारे खण मात्र तुम्ही दुकानातले निवडक काढून दिलेत, दादा डोळे वटारून बघत असताना. ते बघून मला कळायला हवं होतं की ही गुंतवणूक कुठल्या वाटेनं जाणार आहे.

पहिले पाहुणे नागपूरचे, नवरा, बायको, दोन मुली. दुकानाच्या फोनवर त्यांनी आधी ठरवलं होतं. आईनं त्यांना गोळाभात करून घातला, मुलींना विहिरीवर न्हाऊ घातलं. निघायच्या वेळी ते गृहस्थ पाकीट काढत होते, तेवढ्यात आई तबक घेऊन आली आणि तिनं त्या बाईंची ओटी भरली. हळदकुंकू, खण, नारळ, पदरात मूठभर गहू. झालं. गृहस्थ विचारत आहेत, किती द्यायचे. तुम्ही नारळाकडे बघता, मग बाईंकडे बघता, आणि म्हणता, राहू द्या हो, पुढच्या वेळी पाहू. गाडी वळणावर गेल्यावर मी काही बोलायच्या आतच तुम्ही आईवर उखडलात.

"ओटी भरली न तुनं तिची. आता भाडं कसं मांगू? लेकीपासून घेते का कोणी?"

आईनं शांतपणे तबक उचललं. बाई घरात राहून जाते आहे, तर तिची ओटी भरायची नाही का, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तेच सुरू राहिलं. लोक येत, जेवत, खूश होऊन जात, पुढच्यांना सांगत, आणि जाताना आई ओटी भरे आणि तुमची जीभ टाळूला चिकटे. धरणावर आपलं नाव झालं खरं, पण फुकटात राहायची सोय म्हणून. दादा जेवताना विचारायचा, बाबा, अन्नछत्र कसं चाललंय. सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि एक दिवस मला हसूच येईना. मी तुम्हाला सरळ म्हटलं की असंच चालणार असेल तर मी जन्मभर दादाच्याच ताटात जेवणार, मग कागदावर माझं नाव कशाला घातलंत. आणि आईला बजावलं की यापुढे ओटी बंद.

तुम्ही मला आयुष्यात क्वचितच रागावलात. त्या दिवशी रागावलात. "आपल्या दारातून बाई रिकाम्या पदरानं जाणार नाई," म्हणालात. "थे बंद कराचा इचार करू नको. भाडं घेणं शिक." मला वाटलं, हे बरं, घेता तुम्हाला येत नाही आणि शिकायचं मी. फणफणत होते मी दोन दिवस. तुम्ही मात्र दुकानात बसून विचार करत होतात. चहा पाजलेल्या गिऱ्हाइकाशी भाव करताना तुम्हाला नेहमीच जड जायचं, म्हणून भाव आधी आणि चहा मग, ही तुमची जुनी रीत. तीच तुम्ही धरणावर नेलीत. कुंपणाबाहेर चिंचेखाली एक बाकडं टाकलंत आणि मला सांगितलंत, उंबऱ्याच्या बाहेर आहे तोवर गिऱ्हाईक, भाडं तिथेच घ्यायचं. आत पाऊल टाकलं की पाहुणा, मग पैशाचा विषय काढायचा नाही.

पहिलं भाडं मी त्या बाकड्यावर बसून घेतलं. तो माणूस चिडला, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाला. मी म्हटलं, तुमच्यावर आहे, आमच्यावर नाही. तुम्ही चिंचेमागे उभे राहून तोंडाला उपरणं लावून हसत होतात. ते पैसे तुम्ही माझ्या हातून घेतले नाहीत. भवानी आहे, कपाळाला लाव म्हणालात. दुकानातली दिवसाची पहिली विक्री तुम्ही तशीच कपाळाला लावायचात. त्या दिवसापासून घर चालायला लागलं. पुढे मी तिथेच राहायला गेले, आणि महिन्याचं वाणसामान माझं मी सेलूच्या बाजारातून आणू लागले. तुम्ही गेलात ते घर चालताना पाहून गेलात, याचं मला फार बरं वाटतं. आई गेल्यावर तबक माझ्याकडे आलं.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नाही. परत आल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. आईवर माझा राग नाही. ओटी जाणाऱ्या लेकीची भरतात, आणि मला कुठे जायचंच नव्हतं. पण तबक धरून दारात उभी राहिले की कधीतरी आतून काहीतरी हलायचं. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एक म्हाताऱ्या बाई नातवंडांना घेऊन आल्या. भाडं चिंचेखाली दिलं, कुरकूर न करता. दोन दिवस माझ्या चुलीपाशी बसून भाकऱ्या थापल्या. निघताना मी त्यांची ओटी भरली. त्यांनी पिशवीतून केळझरच्या गणपतीला वाहून आणलेला नारळ काढला आणि एक नवा खण काढला. "जाणारीची भरतेस, मंग राहणारीची कोन भरते?" असं म्हणत त्यांनी माझा पदर धरला. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लागलं तेव्हा मी लहान मुलीसारखी रडले, बाबा, त्यांची नातवंडं बघत असताना.

मग मी आत गेले, डब्यातून त्यांचं भाडं काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्या घेईनात. माझ्या तोंडून तुमचंच आलं, "ओटी भरली तुमी माही. आता मायपासून घेते का कोणी?"

भाडं माझं होतं म्हणून परत देता आलं, बाबा. हे पत्र मी त्या पोपटी कापडाच्या शेवटच्या तुकड्यात गुंडाळून खणांच्या पेटीत ठेवते आहे. दादा परवा विचारत होता, हिवाळ्यात घर कसं चाललं. भरलेलं होतं, म्हटलं. त्या परत दिलेल्या भाड्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही.