औशाच्या चौकातला माझा फोटो

२१ मे, औसा
निवड झाली! नांदेडला, गरीब वस्तीतल्या शाळेत दोन वर्षं शिकवायचं. हजारोंनी अर्ज केलेले, घेतले मूठभर. मुलाखतीत संस्थेच्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, पोरांनी ऐकलंच नाही तर? म्हटलं, घरी तरी माझं कोण ऐकतं. त्या हसल्या. मी गंमत करत नव्हते.

२३ मे
काकाने चौकात फ्लेक्स लावला. ‘शिक्षिकापदी निवड, हार्दिक अभिनंदन!’ माझा फोटो दहावीतला, एवढुसा. त्याचा स्वतःचा गॉगल लावून, हात जोडून, पुरुषभर. नगरसेवक व्हायचंय ना. अरे, सरकारी पद नाही हे, सांगून थकले.
“गप गं. लोकं खूश हायत.”

२६ मे
सत्कारांचे नारळ ठेवायला घरात जागा नाही. फ्लेक्स बघून रेणापूरचं स्थळ आलं. मुलाची आई म्हणे, “सरकारी नोकरी हाय, आमाला दुसरं काय बी नको.” आईने डोळे वटारले, तरी मी बोललेच. सरकारी नाही, दोन वर्षांनी संपतं.
पोहे तसेच राहिले.

२७ मे
काका अंगावर आला. “चौकात नाक कापलंस माझं! येत न्हाई म्हणून कळव त्यांना!” आई रडतेय. तिच्या तोंडून अभिनंदन मात्र अजून एकदाही नाही. पप्पा पेपरात तोंड घालून. जन्मभर स्वतः मास्तर होते, आणि एक शब्द नाही. सगळ्यात जास्त राग त्यांचाच.

२ जून
कळवलं. येते म्हणून.
घरात अबोला. बरंच आहे, डोकं तरी शांत.

८ जून, लातूर स्टँड
सकाळी औशाच्या चौकातून निघाले. फ्लेक्स अजून आहे. माझा चेहरा तेवढा ब्लेडने कापून काढलाय. काका हात जोडून भोकाचं अभिनंदन करतोय. आधी हसू आलं, मग असा संताप...
पप्पा न विचारता बॅग घेऊन मागे आलेले. त्यांनीही पाहिलं. एसटीत बॅग ठेवली, खाली उतरले, खिडकीशी आले.
“कितवीला शिकवायचंय?”
इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं.
“आत्ता विचारताय?” मी म्हणाले. गाडी सुटली. ते तिथेच उभे.
चौथीला. एवढंच सांगायचं होतं.
नांदेडची गाडी लागायचीय. फोन हातात आहे. नाही करणार.
बघू.