तिसरं वाक्य

सोलापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. सौ. महादेवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू आणि ईश्वरी मंद्रूपला माहेरी सुखरूप पोचलात हे शिवानंदकडून कळलं. तुझ्या आईची तब्येत कशी आहे? ईश्वरीला तिथली थंडी बाधू देऊ नकोस, तिला लगेच खोकला होतो.

पत्र बघून आश्चर्य वाटलं असेल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी मी फोनवर शिकवल्यासारखीच बोलले असते. कागदावर निदान मला थांबता येतं.

इकडे सगळं ठीक आहे. वर्ग चालू आहे. पोस्टातल्या जोशीबाई अजून प्रत्येक वाक्याच्या आधी 'ॲक्च्युअली' म्हणतात. ती बँकेतली मुलगी परवा म्हणाली, "बाई, महादेवीताई नसल्या की वर्गात कुणी बरोबर उत्तरच देत नाही, तुम्ही सारख्या ओरडता." मी तिच्यावर ओरडले.

कामाचं लिहिते. तुझी इंग्रजीची परीक्षा या महिन्याच्या शेवटी आहे. बोलण्याच्या भागात ते हमखास पुढचं विचारतात. पाच वर्षांनी कुठे असाल, सुट्टीत काय कराल. तिथे तू अजूनही घाईत सगळीकडे 'विल' लावतेस. लक्षात ठेव. बोलता बोलता तिथल्या तिथे मनात आलं, तर 'विल'. आधीपासून मनाशी ठरवून ठेवलेलं असलं, तर 'गोइंग टु'. आणि सगळी व्यवस्था झाली आहे, तिकीट काढलंय, समोरच्याला वेळ दिली आहे, तर सरळ चालू वर्तमानकाळ वापर, ते भविष्याचंच बोलणं होतं. मराठीत आपण हे न शिकताच करतो. 'मी येईन' म्हणणाऱ्याची आपण वाट बघत नाही, 'मी येणार आहे' म्हणणाऱ्याची बघतो, आणि 'मी उद्या येतेय' म्हटलं की आपण जास्तीचा भात लावतो. एवढाच फरक आहे. 'शॅल' मात्र सोडून दे. आमच्या कॉलेजात होतं म्हणून मी इतकी वर्षं घोकून घेतलं, आता तिकडे असं फारसं कुणी बोलत नाही म्हणतात.

पुढच्या एखाद्या वेळेपर्यंत गोष्ट होऊन गेलेली असेल, तिथे 'विल हॅव'. ते तुला उत्तम येतं. ते मला माहीत आहे.

शिवानंद म्हणाला, तू परीक्षेची तारीख रद्द करणार आहेस. करू नकोस. त्या दिवशी फाटकाशी जे झालं ते माझ्याकडून अनवधानाने झालं. मला कल्पना नव्हती. माझ्या चुकीसाठी तू स्वतःचं नुकसान करून घेणं शहाणपणाचं नाही. याबद्दल मला फार वाईट वाटतं आहे, आणि ते मी इथे लिहून देते आहे.

सोमवार

काल पत्र पाकिटात घालण्याआधी वाचून पाहिलं. सवयच आहे, हातात लाल पेन घेऊनच वाचते. वर 'अनवधानाने' आणि 'मला कल्पना नव्हती' असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. खोडणार होते, पण खोडलं की ते तुला दिसणार नाही. म्हणून तसंच ठेवते आणि पुढे लिहिते. हे वाचायला तुला बरं वाटणार नाही. तरी शेवटपर्यंत वाच.

त्या सकाळी वर्गात तू तीन वाक्यं केलीस. माझा नियम तुला माहीत आहे: 'राम उद्या शाळेत जाईल' असलं मी चालवून घेत नाही. कोण राम, कुठली शाळा? स्वतःचं आणि खरं वाक्य करा, खरं असलं की काळ चुकत नाही. तू उभी राहून तीन प्रकारचे भविष्यकाळ एका दमात म्हणालीस. मी परदेशातल्या हॉस्पिटलात काम करणार आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत मी आयर्लंडला गेलेली असेन. तेव्हा माझी मुलगी तिच्या आजीजवळ राहत असेल.

वर्गात मी फक्त क्रियापदं ऐकली. शपथेवर सांगते, तिथे मला खरोखरच काही कळलं नाही. माझा सगळा जीव 'हॅव गॉन' बरोबर येतं का यात अडकला होता. बरोबर आलं, आणि मी खूश झाले. वर्गातल्या बायका मात्र एकमेकींकडे बघत होत्या, हे मला आता आठवतं.

मग वर्ग सुटला. नवी पेठेत नात्यातल्या लग्नाचा बस्ता काढायला जायचं म्हणून शिवानंद तुझ्या सासूबाईंना, सोजरबाईंना, घेऊन तुला न्यायला आला होता. न्यायला घरचं कुणी आलं की विद्यार्थ्याकडून वाक्य म्हणवून घ्यायचं आणि घरच्यांना मराठीत अर्थ सांगायचा, ही माझी जुनी पद्धत. शाळेतल्या पोरांसाठी ठीक होती. तू नोकरी करणारी बाई, एका मुलीची आई. तरी मी फाटकाशी तुला म्हटलं, "म्हणून दाखव."

तू म्हणालीस, "बाई, नको ना. उशीर होतोय."

मी म्हटलं, "लाजायचं काय त्यात? बिनचूक आहेत." आणि तुझ्याऐवजी मीच सुरू केलं. आधी इंग्रजी, मग मराठी.

पहिल्या वाक्याला सोजरबाई हसल्या. "परदेशात? आमची म्हादेवी? आगं, हिला विजापूरला जाताना गाडी लागती की!" शिवानंदही हसला, पण त्याचं हसू बरोबर नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं की ही नुसती इच्छा नाही, इंग्रजीत इच्छेची रचना वेगळी असते, हे ठरलेलं आहे. असं मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, महादेवी. सासूबाईंना व्याकरण शिकवलं.

दुसऱ्या वाक्याला तू माझा दंड धरलास. तुझं बोट माझ्या बांगडीत अडकलं. तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. हे वाक्य अभ्यासाचं नव्हतं. घरी सांगितलेलं नव्हतं. घरी सगळ्यांना, आणि मलाही, तू इन्चार्ज सिस्टरच्या जागेसाठी इंग्रजी शिकते आहेस असंच सांगितलं होतंस.

मला कळलं, आणि मी तिसरं वाक्य म्हटलं.

हेच मला काल लिहिता आलं नव्हतं. शिवानंदला, जोशीबाईंना, माझ्या बहिणीला, सगळ्यांना मी 'अनवधानाने' म्हणूनच सांगत आले. आठवडाभर स्वतःलाही तेच सांगितलं.

का म्हटलं, ते लिहिते. कारण फार लहान आहे. मला राग आला. गेल्या जूनपासून तू माझ्याकडे येत होतीस. ड्यूटीवरून थेट यायचीस, माझ्या स्वयंपाकघरात स्वतःच चहा टाकायचीस, माझ्या गुडघ्याला इंजेक्शन दुसऱ्या कुणाकडून मी घेत नव्हते. मला वाटायचं, महादेवीचं माझ्यापासून काही लपलेलं नाही. आणि तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला कधी कळते, तर तुझ्या सासूबाईंना कळते त्याच मिनिटाला, तीही माझ्याच तोंडून. हिने मला सांगायला हवं होतं, एवढंच डोक्यात आलं. थांबणं सोपं होतं. 'बाकीचं पुढच्या वेळी' म्हटलं असतं तरी सासूबाईंनी विषय तिथेच सोडला असता, त्यांचं लक्ष बस्त्याकडे होतं. मी थांबले नाही. स्पष्ट आवाजात म्हटलं, "तेव्हा माझी मुलगी तिच्या आजीजवळ राहत असेल."

त्यांचा चेहरा तू पाहिलास. "पोरगी मी सांभाळणार व्हय? आन मला कुनी इचारलंय?" मग शिवानंदकडे वळून, "तुला ठावं हुतं का रं?" आणि त्याने रिक्षाच्या हँडलकडे बघत सांगितलं, "मला तरी कुठं सांगितलंय!" तेव्हा तू त्याच्याकडे जसं पाहिलंस, तसं मी कुणाला कुणाकडे बघताना पाहिलेलं नाही. तो तुझा नवरा, त्याचं त्याने बघावं. मी माझ्यापुरतं लिहिते.

कारण यानंतरही मला एक संधी होती. सासूबाई माझ्याजवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. खरं सांगा. ह्ये खरं हाय, का नुस्तं अब्यासाचं वाक्य हाय?"

त्या बिचारीने मला वाट काढून दिली होती. 'अभ्यासाचं' एवढं एकच म्हणायचं होतं. तू नंतर तुझ्या वेळेला, तुझ्या शब्दांत सांगितलं असतंस. मी म्हटलं, "माझ्या वर्गात खोटं वाक्य चालत नाही."

माझा नियम राखला. अशी मी.

तुझ्या जाण्याबद्दल माझं काय मत आहे हे तू कधी विचारलं नाहीस, आणि ते विचारण्याचं कारणही नाही. लहान मुलीला मागे ठेवून जाणं बरोबर की चूक, हे तू, शिवानंद आणि सोजरबाई ठरवाल. मी त्यात कुठेच नव्हते. मी जिथे नव्हते तिथे जाऊन उभी राहिले.

बुधवार

पत्र अजून टाकलेलं नाही. हे सगळं तुला लिहायचं आणि त्या बाईपासून लपवायचं, हे मला जमेना. म्हणून काल संध्याकाळी तुझ्या सासरी गेले.

सोजरबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "या," एवढंच म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की दुसऱ्या वाक्याला मला समजलं होतं, की हे घरी माहीत नाही, आणि तरी मी पुढचं बोलले. महादेवीने तुमच्यापासून लपवलं ते तुमचं आणि तिचं, पण ते रस्त्यात, शेजाऱ्यांसमोर तुमच्या कानावर घातलं ते मी, आणि मुद्दाम घातलं.

त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुद्दाम?"

"हो."

"का?"

मी सांगितलं. राग आला म्हणून. मला आधी सांगितलं नाही म्हणून.

त्यांनी वर पाहिलं. "तुमाला?" म्हणाल्या. "तुमी कोन हो तिच्या?"

इतक्या वर्षांत मला उभं करून कुणी प्रश्न विचारला नव्हता. विद्यार्थ्यांना कसं वाटत असेल ते कळलं. "कुणी नाही," मी म्हटलं.

"मग मला सांगा," त्या म्हणाल्या, "तुमाला येवढा राग आला, तर मला किती आला आसंल?"

मग त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा दिला नाही, तेही योग्यच केलं. पण त्या पुष्कळ बोलल्या. तुझ्याबद्दल, शिवानंदबद्दल, ईश्वरीबद्दल, आणि तू पहिल्यांदा ड्यूटीला गेलीस त्या दिवसाबद्दल. शेवटी म्हणाल्या, "तिला लिवा की ह्ये समदं. तुमाला लिवाया येतंय."

मी नाही म्हटलं. त्या रागावल्या. "आता का? तवा तर न इचारता सांगितलंसा!"

तेवढ्यासाठीच. त्या काय म्हणाल्या यातला एक शब्दही मी इथे लिहिणार नाही, महादेवी. त्यांचं बोलणं तुझ्यापर्यंत आणायला आणि तुझं त्यांच्यापर्यंत न्यायला मी लायक नाही, हे सिद्ध झालं आहे. तुमच्या दोघींमध्ये भाषांतर करायला कुणाची गरजही नाही. तुम्ही एकच भाषा बोलता. शनिवारी सासरी ये, ईश्वरीला घेऊन ये, शिवानंदला समोर बसव, आणि ती तीन वाक्यं तू स्वतः त्यांना मराठीत सांग. आणि तिसऱ्या वाक्याच्या जागी प्रश्न विचार. तो त्यांना कुणीच विचारलेला नाही.

ऐकलेलं लिहीत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला हरकत नसावी. निघताना पाणी प्यायला आत गेले. त्यांची बाज पूर्वी पुढच्या खोलीत असायची, ती आता आतल्या खोलीत खिडकीला लावली आहे, भिंतीकडची वारा न लागणारी बाजू मोकळी ठेवून. त्या मोकळ्या जागेत एक लहान गादी अंथरली आहे. वर नवी चादर. उशी एवढीशी, घरी शिवलेली, अजून एका बाजूची शिवण व्हायची आहे आणि सुई तिच्यातच टोचून ठेवली आहे. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. त्यांनी दार ओढून घेतलं.

परीक्षा रद्द करू नकोस. परीक्षेला पुण्याला जाताना सोबत हवी असेल तर मी येईन, नको असेल तर मुळीच येणार नाही. माझ्या वर्गात परत ये असं मी म्हणत नाही. तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही राहिलेलं नाही, आणि तुझ्यासमोर खुर्चीवर बसायला मला काही दिवस जमणारही नाही. क्षमा कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुझ्यावर उत्तराचं ओझं येतं.

ईश्वरीला पापा. तुझ्या आईला नमस्कार.

तुझी अपराधी,
वैजयंती