मेक, ग्रेडल आणि मुकुल दातार

रत्नागिरी,
गुरुवार, सकाळ

प्रिय लीला,

फोनवर तू "जेवलात का?" विचारतेस, मी "हो" म्हणतो, तू "गोळी?" म्हणतेस, मी पुन्हा "हो" म्हणतो, आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून कागद घेतला. काल कुळथाचं पिठलं केलं, ते खाली लागलं. गोदूबाई भांडी घासताना म्हणाली, "मास्तर, बाईंना आणा आता, नायतर ही कढई टाकायला लागंल." मी तिला सांगितलं, बाई दापोलीला लेकीकडे, अपूर्वाकडे राहून आंबेवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितायत, बागेत कधी काय फवारायचं ते सांगणारं, आणि तेही फुकट. त्यावर ती म्हणाली, "फुकटच लिवायचं तर घरी बसून का नाय लिवत?" याचं उत्तर मी तुझ्यावर सोपवलंय. तुला सुचलं तर कळव, तिला सांगतो.

तुमच्या प्रकल्पाची सगळी चर्चा उघड्यावर चालते, कोणीही वाचावी, हे तूच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतंस. मी वाचतो. रोज सकाळी, चहाबरोबर, पेपरच्याही आधी. त्यात हे तुमचे मुकुल दातार. पुण्याची नोकरी संपवून दापोलीत बाग घेतलेले, विधुर, आणि फोटोवरून पाहता अजून भरपूर केस असलेले. ते लिहितात, "लीलाताई, तुमची मेकफाइल म्हणजे आजीचं फडताळ. सगळं सापडतं, पण फक्त आजीला." त्यावर तुझं उत्तर, "मग आजीला विचारायची लाज कसली, दातार?" पुढे हसरा चेहरा, आणि त्याखाली पानभर मजकूर. मला तू हसरा चेहरा शेवटचा कधी पाठवलास ते मागे जाऊन शोधलं. गणपतीत. तोही मोदकांच्या फोटोला होता.

दातारांना काय माहीत त्या मेकफाइलचं? निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तू ती आपल्या पडवीत बसून लिहिलीस. मी विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, प्रोग्रॅमचे तुकडे पुष्कळ फायलींत विखुरलेले असतात. कुठला आधी जोडायचा, कुठला मागून, आणि जेवढं बदललं तेवढंच पुन्हा कसं करायचं, हे मेक नावाचं अवजार या फाइलीत वाचून करतं. मी म्हटलं, म्हणजे कवितेचा अन्वय लावतं! तू अशी हसलीस की शाळा आठवली. मी सातवीच्या वर्गात कविता चालीवर म्हणायला लागलो की पलीकडे आठवीवर तू गणित थांबवायचीस. मधली भिंत फळ्यांची होती. तुझा खडू थांबला की मला कळायचं. मग मी एक कडवं जास्तच म्हणायचो. त्या उन्हाळ्यात तुझी मेकफाइलसुद्धा मी चालीवर म्हणून दाखवली होती, आठवतं? दातारांनी तिला फडताळ म्हटलं आणि तू हसलीस. तिथे माझा चहा गार झाला.

मग त्या चर्चेत 'जांभा' नावाचा कोणी उगवला. दातारांचा हट्ट होता मेक काढून ग्रेडल हे नवं अवजार आणण्याचा, तर त्यानं सगळ्याच अवजारांची तुलना मांडली. मेक म्हणजे ओवी. जुनी, घरातली, कुठल्याही जुनाट यंत्रावर चालणारी, फक्त ओळीच्या सुरुवातीला टॅबऐवजी साधी मोकळी जागा पडली की रुसणारी. मेव्हन म्हणजे शार्दूलविक्रीडित. प्रत्येक गोष्टीची जागा आधीच ठरलेली, तिथे नेमकं बसलात तर देखणं, नाहीतर पानंच्या पानं लिहीत बसा. ग्रेडल म्हणजे मुक्तछंद. हवं तसं वाकवा, पण पहिल्या खेपेला इंटरनेटवरून इतकं सामान ओढतं की यंत्राला धाप लागते. आणि बेझल म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. बाहेरच्या कशाचा स्पर्श चालत नाही, मोठ्या पंगतीला ठीक, आपल्या चार पानांना कशाला? सबब मेकच ठेवावं. त्यावर तू लिहिलंस, "जांभा, किती सुंदर समजावलंत! असं बोलणारं कोणी आमच्या घरी असतं तर!"

लीला, दातारांचा मला राग येतो, पण या जांभ्याचा जो हेवा वाटला तो सांगता येत नाही. कारण जांभा मीच आहे. ओवी आणि शार्दूलविक्रीडित वाचूनही तुला ओळखू आलं नाही? की ओळखलंस, आणि म्हणूनच तसं लिहिलंस? दोन दिवस मी हाच विचार करतोय. पहिलं खरं असेल तर मला वाईट वाटेल, आणि दुसरं असेल तर फारच वाईट.

आता या पत्राचं कारण. तू म्हणाली होतीस, मेक राहिलं तर दिवाळीला घरी, आणि ग्रेडल आलं तर बागायतदारांच्या सगळ्या सोसायट्यांना ते शिकवून होईपर्यंत, म्हणजे मोहोर सरेपर्यंत, दापोलीत. जांभ्याच्या शब्दावर तुम्ही रविवारी मेक पक्कं करणार असं वाचलं. पण तुलना लिहिण्याआधी मी इथल्या बागायतदार सोसायटीत जाऊन, कारकून बाबूच्या यंत्रावर दोन्ही चालवून पाहिलं होतं. त्या यंत्राच्या घड्याळाची बॅटरी मेलेली आहे, ते कुठल्यातरी जुन्या सालात अडकलंय. तुडतुड्यांच्या औषधाचं प्रमाण तुम्ही निम्म्यावर आणलंत ना, ते बाबूनं तक्त्यात घालून प्रोग्रॅम पुन्हा जोडायला लावला. मेक नुसती फाइल बदलल्याची तारीख बघतं. तारीख जुनी दिसली, म्हणून म्हणालं काही बदललेलं नाही, आणि जुनं प्रमाण आत तसंच राहिलं. ग्रेडलनं आतला मजकूर पडताळला आणि नवं प्रमाण पहिल्या फटक्यात घेतलं. बाबू म्हणाला, "मास्तर, आम्हाला पत्तापण लागला नसता. मोहोरावर डबल औषध मारून बसलो असतो." हे मी तुलनेत घातलं नाही. तू दिवाळीला यावीस म्हणून गाळलं. तर आता लिहितो, मुकुल दातारांचं बरोबर आहे. या एका वाक्यासाठी सकाळपासून बसलोय. जांभा हे आज चर्चेतही लिहील, पण तुला ते आधी माझ्या हातचं मिळावं म्हणून पत्र दापोलीच्या एसटीत कंडक्टरजवळ देतोय. अपूर्वाला स्टँडवर पाठव. रविवारी ग्रेडलच पक्कं करा, आणि तू मोहोर सरेपर्यंत खुशाल थांब. फक्त दातारांना उत्तर देताना जरा तोकडं लिहीत जा.

तुझाच,
गोपाळकृष्ण