थोरलीचं छप्पर

अवीनोअक्का,

माझ्या कोंबड्या तुझ्या ज्वारीत शिरल्या म्हणून भांडून तू माहेरी गेलीस, आणि मागोमाग एका संस्थेची मदत देणारी माणसं गावात आली. ज्यांच्या घरावर गवत आहे त्यांना पैसे, आणि ते कशावर खर्चायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तू नव्हतीस, म्हणून ते एकट्या माझ्याच मोबाइलवर आले.

आपल्या दोघींचा नवरा म्हणाला, "थोरली रुसून बसलीय ना, मग तुझ्याच घरावर घालू पत्रे."

मी म्हटलं, "थोरलीच्या आधी धाकटीच्या घरावर पत्रा चढला, असं आपल्यात कधी झालंय का रे?"

"अगं, पण पैसे तुझे आहेत!"

"म्हणूनच मी सांगते त्या घरावर चढ."

किसुमू शहरातून आणलेले पत्रे एकाच घराला पुरले. अक्का, तुझं घर आता लांबूनच चमकतं. दार मात्र कोणी उघडलेलं नाही, ते तूच उघडायचं. काल पाऊस आला, तेव्हा तुझ्या वळचणीला उभी राहून मी पत्र्यावर त्याचा ढोल ऐकला. मग घरी येऊन माझ्या गळक्या गवताखाली पातेलं ठेवलं.

हे पत्र काही मी धाडणार नाही. धाडलं तर तुझा भाऊ ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचेल. उद्या मीच तुला आणायला येते. माझ्या छपराला खुशाल नावं ठेव, पण तुझ्या अंगणात बसून ठेव.

कोंबड्या बांधून ठेवल्यात.

अजून गवताखालीच असलेली,
तुझी धाकटी
अपीयो